वारा लागू देऊ नको

धुळे, ४ फेब्रुवारी २०२५

योगराजभाऊंना धाकट्या बहिणीचा, हुमाचा सलाम.

दिपमाला वहिनी म्हणाल्या, फोनवर आता कितीही ओरडलं तरी तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाइलचा पडदा बघितला की डोळ्यांतून पाणी गळतं. म्हणून कागद घेतला. शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलेलं नाही, चुका पोटात घाला. रुपचंदची केळीची गाडी दोन-तीन दिवसांआड रावेरहून इकडे येते, चिठ्ठी त्याच्याकडेच देत जाईन.

बातमी अशी की मी घरात वेल्डिंग सुरू करतेय. हसू नका. अरशद नरडाण्याला कामावर जातात, पुढची खोली दिवसभर रिकामीच असते. बाजारातल्या एका कुलरवाल्याने चाळीस लोखंडी स्टँडचं काम दिलंय, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत हवेत. जमलं तर दर उन्हाळ्याचं काम माझं. नाही जमलं तर पुन्हा साड्यांना फॉल लावत बसायचं, आणि ते मला आता नको आहे.

रॉडचं मशीन घेतलं नाही, नळ्या पातळ आहेत, रॉडने भोकं पडतात. गॅसवालं घेतलं. तार आपोआप पुढे सरकते आणि बाटल्यातला गॅस तापलेल्या जोडाला हवा लागू देत नाही, एवढं मला दुकानात कळलं. अब्बांनी जन्मात गॅसचं काम केलेलं नाही. ते म्हणाले, "योगराज को पूछ. उसने जलगाव की कंपनी में दो साल यहीच किया."

सामान घ्यायला अब्बा स्वतः आले होते. ठिणगी उडाली की काच आपोआप काळी होते असा मुखवटा घेतला. कोपरापर्यंत कातडी हातमोजे, ॲप्रन, बूट, कानात घालायची बोंडं, धुरासाठी नाकावरची जाळी. प्रत्येक वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून घेतली. वहिनींना सांगा, माझ्या लग्नातसुद्धा अब्बांनी एवढं निवडून काही घेतलं नव्हतं.

मी टेबलाशी उभी राहून काम करणार. अब्बा रावेरहून आणलेल्या त्या बुटक्या पाटावर खाली बसून स्टँडचे पाय धरणार. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहवत नाही.

बाटला कुठे ठेवायचा, गॅस किती सोडायचा, सगळं लिहा.

तुमची हुमा


रावेर, ९ फेब्रुवारी

चि. हुमा, सुखी राहा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा दुकानात, एकदा घरी. घरी जास्त लागलं.

मी सोळा वर्षांचा असताना तुझ्या अब्बांच्या, चांदचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात कामाला आलो. पहिल्या दिवशी मला काय मिळालं माहीत आहे? दांडी लावलेली एक काळी काच, तीही कोपऱ्यात तडकलेली, आणि एका पायाचा बूट. दुसऱ्या पायात चप्पल. हातमोजे मागितले तर म्हणाले, "हाथ को काम का पता चलना चाहिए." रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं, तेव्हा माझी आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची. कान वाजतात म्हटलं, तर म्हणाले सवय होईल. झाली सवय. आता वाजतसुद्धा नाहीत.

आणि तुला कानात घालायला बोंडं!

त्या पाटाचंही तुला लिहायची काही गरज नव्हती. चोवीस वर्षं त्या पाटावर मी बसलोय. तुझी आई गेल्यावर चाचा तुझ्याकडे राहायला निघाले, दुकान माझ्या हवाली केलं, गावाने माझी पाठ थोपटली. पण टेम्पोत शेवटी पाट चढला तो मी पाहिला होता. दुकान दिलं आणि बसायची जागा नेली.

दिपमाला म्हणते, "पोरीवर कायले जयता तुमी? लेक हाये ती त्याची." लेक आहे हे मलाही कळतं. पण तू लहान होतीस तेव्हा दुकानाच्या दाराशी आलीस की चाचा तुला हाकलायचे आणि मला आत घ्यायचे. तेवढं एकच मोठेपण माझ्याजवळ होतं. तेही गेलं. जळफळाट होतोय, खोटं कशाला बोलू.

आता काम. बाटला उभाच ठेव आणि साखळीने भिंतीला बांध. पडून त्याचं तोंड मोडलं तर भिंत फोडून जाईल. रेग्युलेटरला तेलकट हात लावू नको. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघ, बुडबुडा आला म्हणजे गळती. गॅस दहा ते बारा लिटरवर ठेव. अंगात सुती कपडे, ओढणी खुंटीला. नायलॉनला ठिणगी लागली तर कातडीला चिकटतं. वाळूची बादली जवळ.

हे सगळं बरोबर लिहिलंय. जळत असलो तरी कामात मी खोटं सांगत नाही.

योगराज


धुळे, ३ मार्च

योगराजभाऊंना सलाम.

तुमचं पत्र अब्बांना वाचून दाखवलं, कामाचा भाग तेवढा. वरचा भाग माझ्याजवळ ठेवलाय.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. बाटला साखळीत, बादलीत वाळू. मुखवटा इतका छान आहे की मी आरशात बघून आले. पण जोड! भाऊ, जोडाला जाळी पडतेय, अगदी अनारशासारखी. वरून नाही दिसलं तर ग्राइंडर फिरवल्यावर दिसतं. सहा स्टँड दिले होते, कुलरवाल्याने एकावर पाय ठेवला तर कोपरा तुटून हातात आला. सहाच्या सहा परत पाठवले. बाजारात चार माणसांसमोर म्हणाला, "बाई, तुम्ही शिवणकामच करा."

कालपासून रोजे सुरू झालेत. अब्बांना किती सांगितलं की या वयात नका धरू, ऐकत नाहीत. वर पत्र्याचं छप्पर, आतापासूनच भट्टी झालीय. दार सताड उघडं आणि शेजारी मोठा पंखा लावून काम करते, तरी घाम डोळ्यांत जातो. अब्बा दिवसभर माझ्या पायाशी पाटावर बसून असतात. लहानपणी मला दाराशीसुद्धा उभं करत नव्हते, आता मी उठून पाणी प्यायला गेले तर "किधर गई" म्हणून हाक मारतात.

जाळी का पडते ते लवकर कळवा. काम हातचं जाईल.

तुमची हुमा


रावेर, ६ मार्च

चि. हुमा,

पत्र मिळालं. एवढंसं काही झालं तर घाबरून जाऊ नये. पहिल्या महिन्यात सगळ्यांचेच जोड बिघडतात.

गॅस कमी पडतोय तुला. बारावर आहे ना, तो पंचवीसवर ने. भरपूर सोड. बघ फरक पडतो का.

इकडे केळीचं बरं चाललंय. रुपचंदबरोबर एक घड पाठवतोय, इफ्तारीला होईल. चांगला पिकलेला निवडून घेतलाय. चाचांना केळं सोललं की शिरा काढून खायला आवडतं, विसरू नको.

दुकानात एका ट्रॉलीचं काम आहे, जास्त लिहीत नाही.

योगराज


धुळे, १४ मार्च

भाऊ, सलाम.

केळी गोड निघाली. शेजाऱ्यांनाही दिली.

पण जोड आणखी बिघडला. पंचवीसवर नेल्यावर जाळी दुप्पट झाली आणि एवढा मोठा बाटला चार दिवसांत रिकामा. अरशद नुसते रिकाम्या बाटल्याकडे बघून जेवायला बसले.

मी अब्बांना म्हटलं, योगराजभाऊंचं काहीतरी चुकलं असेल, त्यांना हे काम सोडून चौदा वर्षं झाली. तर अब्बा माझ्यावरच उखडले. "योगराज ने लिखा है तो गलत नहीं होगा. गलती तेरे हाथ की है." मग मला सबंध दुपार एका भंगार पट्टीवर सरळ रेघा मारायला लावलं. तीस रेघा मारल्या. प्रत्येक रेघेत जाळी. तिसाव्या रेघेला मी मुखवट्याच्या आत रडले. तो मुखवटा त्या कामी चांगला आहे, बाहेर दिसत नाही.

कुलरवाल्याने आठ दिवस दिलेत. तोवर चांगले सहा स्टँड दाखवले नाहीत तर काम दुसऱ्याला.

एकदा नीट आठवून लिहा. मी कुठे चुकतेय?

हुमा


रावेर, १७ मार्च

चि. हुमा,

तू कुठेही चुकत नाहीस. मागच्या वेळी घाईत लिहिलं गेलं.

पंखा बंद कर. हा सगळा पंख्याचा खेळ आहे. गॅस जोडावर शाल पांघरल्यासारखा बसायला हवा, आणि तू शेजारून वारा सोडतेस. तो गॅस उडून जातो आणि त्याच्या जागी हवा घुसते. पंचवीसवर नेलास तर गॅस स्वतःच भोवरा करतो आणि हवा ओढून घेतो. परत बारावर आण. पंखा बंद, दारातून झुळूक येत असेल तर तीही आड कर. जोडाला वारा लागू देऊ नको. पहिल्याच रेघेला फरक दिसेल, नाही दिसला तर माझं नाव बदल.

चाचांना सांग, हाताची चूक नव्हती. बाकी उस्ताद घरातच आहेत, त्यांना विचार.

योगराज


धुळे, २२ मार्च

योगराजभाऊंना हजार वेळा सलाम.

भाऊ, काय जोड आला! नाणी एकावर एक सरकवून ठेवावीत तसा. अब्बांनी त्यावरून बोट फिरवलं, चष्मा काढला, पुन्हा बोट फिरवलं. सहा स्टँड घेऊन मी स्वतः बाजारात गेले, कुलरवाला दोन्ही पायांनी वर चढून नाचला. काम माझंच राहिलं.

तुमच्या पत्राचा सहीखालचा तुकडा फाटलेला होता. रुपचंदच्या गाडीत कुठे अडकला असेल. पण कामाचं सगळं वरच होतं.

तुम्ही म्हणालात वारा लागू देऊ नको, तर मी कसूर ठेवली नाही. खिडकीला दुहेरी गोणपाट लावून ते ओलं केलं, म्हणजे थंडावाही राहतो. दार लावून त्यावर रजई टांगली, उंबऱ्याशी फटीत चिंध्या कोंबल्या. मुंगी आत येणार नाही.

एक गोष्ट मात्र वाईट झाली. काल, शुक्रवारी, अब्बा पाटावर बसल्या बसल्या कलंडले. मी मुखवट्यात होते, स्टँडचा पाय हलला म्हणून खाली बघितलं तर ते भिंतीला टेकून पडलेले, ओठ निळसर. मी रजईसकट दार ओढलं आणि त्यांना ओट्यावर आणलं. पाच-सात मिनिटांत डोळे उघडले. माझंही डोकं सकाळपासून ठणकत होतं. डॉक्टर म्हणाले, बेचाळीस अंश ऊन आणि त्यात रोजा, दुसरं काय होणार. सलाइन लावली. सगळी गल्ली मला बोलतेय की म्हाताऱ्याला रोज्यात कामाला बसवते.

आज ठीक आहेत. रोजा सोडायला लावलाय. सोमवारी सकाळी पुन्हा बसायचं म्हणतात, उन्हाच्या आत चार स्टँड उरकू. अब्बा म्हणतात जोड असा येत असेल तर बाप मेला तरी चालेल. तुम्हाला माहीतच आहे त्यांचं बोलणं.

तुमची हुमा


रावेर, २५ मार्च

हुमा,

काल तुझ्या घरी आलो, जेवलो, चाचांशेजारी बसलो आणि परत आलो. जे बोलायला आलो होतो ते बोललो नाही. आता लिहितो. हे पत्र कुणी नसताना वाच.

तुझी चिठ्ठी रविवारी संध्याकाळी रुपचंदने दुकानात आणून दिली. ओठ निळे झाले, हे शब्द वाचले आणि हातातलं काम तिथेच टाकून घरी पळालो. दिपमालाला म्हटलं, फोन लाव आणि सांग, मी येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. ती विचारत राहिली, काय झालं, काय झालं. तिला म्हटलं नंतर सांगतो. पहाटेची पहिली बस धरली.

काल बादली आणि काडी घेऊन मी काय केलं ते तू बघितलंस. पण ते मला कुठून माहीत, हे तू विचारलं नाहीस. चाचांबरोबर केळीच्या मळ्यांत मोटारीचे पाइप जोडायला जायचो, तेव्हा विहिरीत उतरायच्या आधी ते दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर उतरायचं नाही. तळाशी जड हवा साचते, माणसाला कळायच्या आत झोपवते. हे मला चाचांनीच शिकवलं. तुझ्या बाटल्यातला गॅस तीच जड हवा आहे. वारा असेल तर निघून जातो. खोली कोंडली तर खाली बसतो आणि उंच उंबऱ्याच्या आत भरत जातो. तू उभी होतीस म्हणून डोकं दुखण्यावर भागलं. ते पाटावर बसलेले होते.

रोज्याने पडले नाहीत ते. उन्हानेही नाही.

मी हे कंपनीत असताना रोज पाळायचो. वाऱ्याला जोडापुरता पत्र्याचा आडोसा करायचा, पण खोली कोंडायची नाही. दार उघडं, जमिनीलगत हवा जायला वाट हवीच. सतरा तारखेच्या पत्रात मी हे लिहिलं होतं. लिहून झालं, मग तुझं आधीचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात होतं की तू पाणी प्यायला उठलीस तर चाचा हाक मारतात. मला चोवीस वर्षांत पाणी प्यायला जाताना कुणी हाक मारली नाही. मी सहीखालचा भाग फाडला. रुपचंदच्या गाडीत अडकला नाही तो. खिशातच होता. सोबत पाठवतोय.

आणि पंचवीस लिटरही घाईत लिहिलं नव्हतं. तुझ्या पत्रात पंखा वाचला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. मला तुझे जोड बिघडायला हवे होते. चाचांनी म्हणावं, योगराजची सर कुणाला नाही, एवढंच हवं होतं. त्यांनी म्हटलंही. तुझ्या हाताला दोष देऊन, माझ्या खोटेपणावर भरवसा ठेवून म्हटलं. ते वाचून मला आनंद झाला होता, हेही लिहून टाकतो.

काल मी रिकामी बादली जमिनीवर ठेवली, वेल्डिंगच्या टॉर्चमधून तिच्यात गॅस सोडला आणि पेटती काडी आत नेली. काडी विझली. दुसरी नेली, तीही विझली. चाचा बघत होते. तिसऱ्या काडीला त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना विहीर आठवली, हे मी चेहऱ्यावरून ओळखलं. मला आठवत होती आणि मी लिहिली नाही, हेही त्यांनी ओळखलं असणार.

मग ते काहीतरी बोलले. दोन वाक्यं असतील. ओठ हलताना दिसले, मला एक अक्षर कळलं नाही. तू मान खाली घातलीस. मी विचारायला घाबरलो आणि चहा मागितला.

काय म्हणाले ते? जसंच्या तसं लिही. शिवी असेल तर शिवी लिही.

योगराज


धुळे, २९ मार्च

योगराजभाऊ,

तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर नुसता राग निघाला असता.

तुम्ही फाडलेला तुकडा मी आता जपून ठेवलाय, कुराणाच्या कपाटात नाही, मशीनच्या डब्यात. चार ओळी आहेत. चार ओळींसाठी माझा बाप पाटावर कलंडला. मी त्यांना ओढत नेलं तेव्हा त्यांच्या एका पायातली चप्पल खोलीत राहिली होती, ती मला रोज दिसते. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन की नाही ते माहीत नाही.

अब्बांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. विहीर, आडोसा, उघडं दार, सगळं. खिशातल्या तुकड्याशी आले तेव्हा जीभ अडली. तिथून पुढचं काही वाचलं नाही. ते मी सांगणार नाही. ते तुमचं काम आहे.

आता माझंही एक ऐका. तुम्ही एकटेच जळता असं समजू नका.

फेब्रुवारीत मी तुम्हाला लिहिलं की अब्बांनी एकेक वस्तू हातात घेऊन निवडली. ते खरं आहे. पण ते काय बोलत होते ते मी लिहिलं नाही. बोंडं हातात घेतली आणि दुकानदाराला म्हणाले, "ये उस वक्त होता तो योगराज के कान रह जाते." मुखवटा घालून बघितला आणि म्हणाले, "योगराज की आँखें." हातमोजे घेतले तेव्हा तुमच्या डाव्या हातावरचा डाग कसा पडला ती गोष्ट सांगितली, अख्खी. दुकानदाराने शेवटी विचारलं, "योगराज तुमचा मुलगा का?" मी शेजारी उभी होते. सामान माझ्या मापाचं घेत होते आणि माझं नाव एकदाही निघालं नाही.

मी हे मुद्दाम लिहिलं नाही. तुम्हाला वाटू दे की हे सगळं माझ्यावरच्या मायेने घेतलं, असं मला वाटत होतं. लहानपणी मी दाराबाहेर उभी राहून तुम्हाला आत बघायची. घरी आल्यावरही अम्मीशी तुमच्याबद्दलच बोलायचे, योगराज का हाथ, योगराज का टाँका. आणि हा पाट. तुम्ही त्या पाटासाठी रुसलात. विचारलंत तरी का, ते तो घेऊन का आले? इथे आल्यावर सहा महिने त्यावर कुणाला बसू दिलं नाही. मी एकदा पोळ्या लाटायला घेतला तर म्हणाले, "वो योगराज की जगह है."

तुम्ही लपवलंत, मीही लपवलं. फरक एवढाच की माझ्या लपवण्याने कुणी पडलं नाही. पण तुम्हाला हे तेव्हाच कळलं असतं तर तुम्ही तो तुकडा फाडला असता का, हे मी माझ्या मनाला विचारतेय आणि मला झोप लागत नाही.

आता तुमचं विचारणं. अब्बा काय म्हणाले.

तिसरी काडी विझली तेव्हा म्हणाले, "कुएँ की बात मैंने सिखाई, और मैंच भूल गया." मग तुमच्याकडे बघून म्हणाले, "इसके कान तो मेरी दुकान में गए. अब माफी माँगूँ तो किस कान में माँगूँ?"

जसंच्या तसं लिहिलंय.

दरवर्षी आखाजीला तुम्ही मला माहेरी न्यायला यायचात. अब्बा रावेरला होते तेव्हाही आणि नंतरही. या वर्षी तुम्ही बोलावलं नाहीत, माझ्या लक्षात आहे. अब्बा आता इथे आहेत. तुम्ही या. चौदा स्टँड राहतील तोवर, पाय धरायला माणूस लागेल.

हुमा


रावेर, ४ एप्रिल

हुमा,

येतो. आखाजीच्या आदल्या दिवशी, सकाळच्या बसने. दिपमाला पुरणाचे मांडे करून देणार आहे. पाटावर मी बसेन, चाचांना खुर्ची दे. तू जे वाचून दाखवलं नाहीस ते मी त्यांच्यासमोर बसून सांगेन, चोवीस वर्षांत जे जे झालं त्यात हेही सांगेन. त्यांनी हाकललं तर संध्याकाळच्या बसने परत येईन, तू मध्ये पडू नको.

आडोशासाठी पत्र्याचे तीन तुकडे कापून, कडा घासून रुपचंदबरोबर पाठवलेत. टेबलावर तीन बाजूंनी उभे कर. दार उघडंच ठेव, उंबऱ्यातल्या चिंध्या काढल्यास ना? काढल्या असतील, पण मी विचारणारच.

तुझा जोड मी त्या दिवशी बोटाने बघितला होता, तुला कळू न देता. माझ्यापेक्षा चांगला आहे. वाईट वाटलं. अजूनही वाटतंय, ते असं पत्रापत्रीने जाईल असं दिसत नाही.

तू लिहिलेली ती दोन वाक्यं मी रोज वाचतो. दुकान उघडलं की आधी ती वाचतो. पण कागदावर चाचांचा आवाज येत नाही. तो तू ऐकलास. शेजारी मी बसलो होतो, बोलणं माझ्यासाठी होतं, आणि आवाज तुला मिळाला. बाकी सगळं तुझं तुला लखलाभ असो, मुखवटा, पाट, चाचांची हाक. या एका गोष्टीचा हेवा मला मरेपर्यंत राहील.

म्हणून सांगतो. ग्राइंडर हातात घेशील तेव्हा बोंडं घालायला विसरत जाऊ नको. ते काय बोलतात हे मला सांगायला घरात कुणाचे तरी कान शाबूत पाहिजेत.

योगराज